कोरडे केस आणि टाळूवरचे पापुद्रे: तेल कुठे लावावे आणि कुठे लावू नये

नोकरीसाठी रत्नागिरीहून पुण्यात हिंजवडीला आल्यावर आठ महिन्यांत तुमचे केस खराट्यासारखे कोरडे झाले, दिवाळीनंतर टाळूवरून पांढरे पापुद्रे खांद्यावर पडू लागले, कोरडेपणा जावा म्हणून तुम्ही रोज रात्री डोक्यात खोबरेल तेल जिरवता, तरी पापुद्रे वाढतच चालले आहेत. आता घरच्या घरी आणखी काय लावावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की आणखी काही लावण्याआधी टाळूवर रात्रभर तेल ठेवणे आजपासून थांबवावे. केसांना तेल अवश्य लावावे, पण ते कानांच्या खाली, टोकांकडे. मुळांशी नको.

हे मी ठामपणे लिहिते, कारण हीच चूक मी स्वतः जवळजवळ वर्षभर केली. कोथरूडहून उंड्रीला राहायला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझ्या डोक्यातून पापुद्रे पडू लागले. एका पार्लरमध्ये मला टाळू कोरडी पडल्याचे सांगितले गेले, गरम तेलाच्या मसाजासाठी सहा वेळा बोलावले गेले आणि घरीही रोज तेल लावण्याचा सल्ला मिळाला. प्रत्येक मसाजानंतर दोन दिवस बरे वाटत असे, कारण तेलामुळे पापुद्रे जागीच चिकटून बसत. तिसऱ्या दिवशी मात्र आधीपेक्षा जास्त खाज सुटे. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावण्याआधी माझ्या भुवया आणि नाकपुड्यांच्या कडेच्या खाचा निरखून पाहिल्या. तिथे बारीक पिवळसर खवले होते. थंडीने त्वचा उलली असेल असे समजून मी त्यांच्याकडे कधी लक्षच दिले नव्हते. मग त्यांनी टाळूवरचा एक पापुद्रा काढून मला चिमटीत चोळायला सांगितला. त्याचा पिठासारखा भुगा झाला नाही, तो मेणासारखा चिकट लागला. तुम्हीही उत्तर पुढे वाचण्याआधी एवढे करून पाहावे.

पापुद्रा बारीक, पांढराशुभ्र आणि कोरडा असेल, चोळल्यावर भुकटी होत असेल आणि हातापायांची त्वचाही याच दिवसांत ओढल्यासारखी होत असेल, तर टाळू खरोखर कोरडी पडली असण्याची शक्यता अधिक. पापुद्रे मोठे, पिवळसर, तेलकट असतील, न्हाल्यानंतर दोनतीन दिवसांत पुन्हा साचत असतील, भुवयांत, कानांमागे किंवा नाकाच्या कडेला तसेच दिसत असतील, तर तो कोंडा आहे. रोज तेल लावूनही पापुद्रे वाढत आहेत, या एका गोष्टीवरूनच मला तुमचा त्रास दुसऱ्या प्रकारचा वाटतो. फक्त ही तपासणी तेल न लावता, न्हाल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करावी. तेलात भिजलेला कोणताही पापुद्रा तेलकटच लागणार.

कोंड्याच्या मुळाशी मॅलेसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी असते. ती बाहेरून कोणाकडून लागत नाही, थोड्याफार प्रमाणात आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर तिचा मुक्काम असतो. तिला स्वतःपुरती मेदाम्लेही तयार करता येत नाहीत, म्हणून ती टाळूतून पाझरणाऱ्या नैसर्गिक तेलावर जगते, आणि ते तेल फोडताना ओलेइक आम्लासारखे पदार्थ मागे ठेवते. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाहीत त्यांना खाज सुटते आणि एरवी महिनाभरात सावकाश, नकळत झडणाऱ्या पेशी घाईघाईने गठ्ठ्यांनी सुटू लागतात. त्या गठ्ठ्यांनाच आपण कोंडा म्हणतो. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल, तर पोषक माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देण्याची पद्धत आहे. रात्री तेल चोळून, डोके बांधून झोपणे म्हणजे आपण टाळूवर काय करून ठेवतो, हे मला ही गोष्ट समजल्यावर खऱ्या अर्थाने उमगले.

मग घरच्या घरी काय करावे? कोंडाच असेल, तर औषधी शाम्पूला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2 टक्के किटोकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध असलेला शाम्पू औषधांच्या दुकानात मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरावा आणि पुढे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा चालू ठेवावा. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. बहुतेकांची चूक वापरण्याच्या पद्धतीत होते. शाम्पू डोक्यावर ओतून, फेस काढून लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. केस ओले करावेत, बोटांनी भांग पाडत पाडत शाम्पू थेट टाळूला लावावा, नखे न लावता बोटांच्या पेरांनी हलकेच चोळावा आणि तीन ते पाच मिनिटे तसाच राहू द्यावा. तेवढ्या वेळात अंगाला साबण लावून होतो. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेले शाम्पूही उपयोगी पडतात, आणि एक मानवला नाही तर दुसरा वापरून पाहायला हरकत नाही. कोंडा आटोक्यात येतो, पण उपाय सोडले की पुन्हा डोके वर काढतो. त्यामुळे हिवाळ्यात तो परत दिसला तर औषध वाया गेले असे समजू नये.

आता कोरड्या केसांकडे वळू, कारण हा सर्वस्वी वेगळा विषय आहे. टाळू जिवंत असते; तिच्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्यामुळे तो एकदा झिजला की स्वतःहून भरून येत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दीड फूट लांब शेपट्याचे टोक तीन वर्षांहूनही जुने असते, आणि त्या टोकाने तितक्या वर्षांची उन्हे, फणी, शाम्पू आणि ड्रायर सोसलेले असतात. खोबरेल तेलाचे खरे काम इथे आहे. त्यातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो, आणि ते केसाच्या आतपर्यंत शिरते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईत केलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतील प्रथिनांची झीज कमी करण्याचा गुण त्यांत फक्त खोबरेल तेलात आढळला. म्हणून न्हाण्याआधी अर्धा-एक तास, दोन चमचे तेल तळहातांवर पसरून कानांच्या खालच्या केसांना, विशेषतः टोकांना, नीट माखावे. औषधी शाम्पूने केस थोडे रुक्ष होतात, तेही या तेलाने बरेचसे टळते. शाम्पू टाळूला आणि कंडिशनर टोकांना, हा क्रम पाळावा. टोकांना वेगळा शाम्पू चोळण्याची गरज नसते, वरून वाहणारा फेस त्यांना पुरतो.

न्हाण्याचे पाणी कोमट असावे. हिवाळ्यात पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की गीझरचे कढत पाणी डोक्यावर घ्यावेसे वाटते, पण त्याने टाळू आणि केस दोन्ही कोरडे पडतात. न्हाल्यावर केस टॉवेलने खसाखसा पुसू किंवा झटकू नयेत. जुन्या मऊ पंच्यात गुंडाळून दाबून पाणी टिपावे, आणि रुंद दातांच्या फणीने गुंता टोकांकडून वर सोडवत जावा.

पुण्याच्या पाण्याबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण बाहेरगावाहून आलेली बहुतेक मंडळी सगळा दोष त्यालाच देतात. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी पावसाचे, धरणात साठलेले असते आणि ते फारसे जड नसते. हिंजवडी, वाघोली किंवा आमच्या उंड्रीकडे मात्र अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात. बेसॉल्ट खडकाच्या भेगांत मुरलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुष्कळ असू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची, म्हणजे कठीणपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. यावरून पाण्यापाण्यात किती फरक पडू शकतो याची कल्पना येईल. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्याने केस राठ आणि निस्तेज होतात, पण कोंड्याचे मूळ त्यात नसते. जड पाण्यात अंगाच्या साबणाने डोके कधीच धुऊ नये, कारण साबणाचा न विरघळणारा साका केसांवर बसतो; आणि शेवटचे एक-दोन तांबे क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत. माझ्या केसांत एवढ्याने महिन्याभरात हाताला जाणवेल इतका मऊपणा आला.

शिकेकाईविषयी मला मनापासून आपुलकी आहे, म्हणून तिच्याबद्दल खरे तेच सांगते. टाळू नुसती कोरडी असेल, किंवा औषधी शाम्पूच्या दोन वारांमध्ये एखादे सौम्य न्हाणे हवे असेल, तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून शेंगा आणाव्यात, तयार पूड शक्यतो घेऊ नये. जाडसर पुडीचे कण टाळूला ओरखडतात आणि केसांत अडकून वाळले की कोंड्यासारखेच दिसतात. माझी आई आठ-दहा शेंगा, बिया काढलेले तीन रिठे, मूठभर आवळकाठी आणि चमचाभर मेथ्या रात्री दोन तांबे पाण्यात भिजत घालत असे. सकाळी ते सगळे मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळायचे, कोमट झाले की हाताने कुस्करायचे आणि पातळ फडक्यातून गाळायचे. हाताला बुळबुळीत लागते ते मेथीचे, आणि त्यानेच केसांचा गुंता सहज सुटतो. हे पाणी त्याच दिवशी संपवावे, आणि न्हाताना डोळे घट्ट मिटावेत, कारण रिठा डोळ्यांत फार झोंबतो. मेथीने काहींना अंगावर पित्त उठते, विशेषतः शेंगदाणे किंवा हरभरा ज्यांना सोसत नाही त्यांना. त्यांनी ती वगळावी. मात्र पिवळा, तेलकट कोंडा केवळ शिकेकाईने जाईल, ही अपेक्षा तिच्याकडून धरू नये.

लिंबाचा रस टाळूला चोळण्याचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. खाजवून सोललेल्या त्वचेवर तो जाळतो, आणि रस तसाच राहून ऊन लागले तर त्वचेवर चट्टे उठू शकतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो आणि टाळूची प्रकृती आम्लधर्मी, त्यामुळे तो केस आणखीच राठ करतो. तेलात कापूर घालण्याची पद्धत घरोघरी आहे, पण लहान मुलांच्या डोक्याला ते तेल मुळीच लावू नये. कापराने त्यांना झटके येऊ शकतात. दही लावायचे असल्यास ताजे लावावे आणि अर्ध्या तासात धुवावे. त्याने पापुद्रे थोडे मऊ होतात, एवढाच त्याचा उपयोग.

दुचाकीवर जाताना तुम्ही तोंडाला आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घालत असाल, तर स्कार्फ एक दिवसाआड धुवावा, हेल्मेटचे आतले अस्तर निघत असल्यास दर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवावे, आणि ओल्या केसांवर दोन्हींपैकी काहीही चढवू नये. उशीचा अभ्रा आणि फणीही दर आठवड्याला धुवावी. न्हाऊन घाईत कामावर निघण्याची सवय असेल, तर न्हाण्याची वेळ संध्याकाळवर न्यावी.

चार आठवडे हे सगळे नीट करूनही फरक पडला नाही, टाळूवर चंदेरी जाड थर दिसले, ते कपाळावर किंवा कोपरा-गुडघ्यांवरही आले, केस गोल चकत्यांनी गळू लागले किंवा टाळूतून पाणी अथवा पू येऊ लागला, तर घरचे उपाय तिथेच थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ते सोरायसिस किंवा गजकर्ण असू शकते. केस कोरडे होण्याबरोबर थकवा, वाढते वजन किंवा थंडी सहन न होणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथेही दाखवता येते. औषधांच्या दुकानातून कोणी सांगितले म्हणून स्टेरॉइड असलेले मलम आणून लावू नये. डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दोन दिवसांत डोक्याला तेल लावू नका, केस रंगवू नका आणि सध्या वापरत असलेल्या शाम्पूची बाटली व तेलाची डबी सोबत न्या, म्हणजे त्यांना टाळू आहे तशी पाहता येईल.