अॅम्ब्युलन्समध्येच रक्ततपासणी?

प्रश्न : मुलगी नेदरलँड्सला असते, ती म्हणते तिकडे छातीत दुखलं तर अॅम्ब्युलन्सवाले घरीच रक्त तपासतात आणि काहींना हॉस्पिटलला नेतच नाहीत. हे सेफ आहे का हो?

उत्तर : तिथे आर्टिका नावाची ट्रायल झाली, ८००हून जास्त पेशंट, पण सगळे कमी रिस्कवाले, म्हणजे त्रासाचं वर्णन, ईसीजी, वय वगैरे बघून आधीच गाळून घेतलेले. त्यातल्या साधारण निम्म्यांची ट्रोपोनिन टेस्ट अॅम्ब्युलन्सवाल्यांनीच केली, हार्टच्या स्नायूला इजा झाली की हे रक्तात वाढतं, आणि नॉर्मल आलं की केस फॅमिली डॉक्टरकडे. खर्च बराच वाचला, महिन्याभरात मोठे प्रॉब्लेमही अगदी थोडे. गोम एवढीच की ट्रोपोनिन वाढायला वेळ लागतो, म्हणून दुखायला लागून किमान २ तास झालेलेच पेशंट घेतले. तुम्ही मात्र इथे 'गॅस असेल' म्हणत बसू नका, सरळ १०८ लावा.