आलेल्यांना तपासशील, न आलेल्यांचं काय?

प्रिय डॉक्टर,

तालुक्यात किती जणांना हे आजार आहेत ते शोधायच्या पाहणीचा तुझा आराखडा वाचला. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आणि झोपेतला श्वासरोध (झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडणं) एकाच पाहणीत तपासायचे, हे मला मनापासून पटलं. दोन्ही एकाच माणसात असले की रात्री ऑक्सिजन फार खाली जातो. डेव्हिड फ्लेन्ली यांनी 1985 मध्येच त्याला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ म्हटलं होतं.

पण ‘गावोगावी शिबिर लावून तपासणी’ हे वाक्य आधी खोड. शिबिराला येतो तो धाप लागलेला, घोरण्यावरून घरच्यांची बोलणी खाल्लेला, नाहीतर त्या दिवशी हाताला काम नसलेला. त्यावरून तालुक्याची टक्केवारी सांगता येत नाही. मतदार यादीतून चिठ्ठ्या काढून नावं निवड. दाराला कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊन भागवू नकोस. संध्याकाळी जा, रविवारी जा. जे नकार देतील त्यांना निदान वय, काम, तंबाखू आणि घरात चूल आहे की गॅस, एवढं सांगाल का म्हणून विचार.

जुने आकडे वाचतानाही हेच बघ. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या मुंबईतल्या अभ्यासात 35 ते 65 वयाच्या पुरुषांपैकी 19.5 टक्क्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास आढळला. मोलाचं काम आहे, पण ते पुरुष रुग्णालयात आरोग्य तपासणीला आलेले होते, शिवाय शहरी. तासाला 15 किंवा जास्त वेळा श्वास अडणारे पुरुष 1993 च्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात 9 टक्के होते, 2015 च्या स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या अभ्यासात जवळपास निम्मे. लोझानची माणसं वयाने मोठी होती हे खरं, पण उपकरणंही जास्त बारीक पकडणारी होती आणि अर्धवट अडथळ्याची व्याख्या सैल झालेली होती. म्हणून कोणती व्याख्या वापरणार ते आजच लिहून ठेव. नंतर आकडा बघून ठरवायचं नाही.

बायकांकडे विशेष लक्ष दे. विडीला कधी हात न लावलेली बाई वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेली असते. ‘दम लागतो का?’ विचारलंस तर ती ‘नाही’ म्हणेल, कारण दम लागेल असं काम तिने हळूहळू सुनेवर सोपवलेलं असतं. ‘पाण्याचा हंडा आणताना मध्ये कुठे टेकता का?’ असं विचार. दिवसाच्या झोपेसाठी तू घेतलेल्या एपवर्थ प्रश्नावलीत वाचता वाचता आणि गाडीत बसल्यावर डुलकी लागते का, असे प्रश्न आहेत. जिला वाचता येत नाही आणि जी गाडीत क्वचितच बसते, तिच्या शून्य गुणांना अर्थ नाही.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकायला लावून फुप्फुसं तपासताना, घाई नको. तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र रोज सकाळी तपासून घे. श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल दिल्यावर पंधरा मिनिटं थांब, मगच पुन्हा फुंकायला सांग. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा भागिले एकूण फुंकलेली हवा, या गुणोत्तराची 0.70 ची ठरावीक रेषा म्हाताऱ्यांत रोग फुगवते आणि तरुणांत लपवते, तेव्हा वयानुसारची खालची मर्यादाही काढ.

आणखी एक. सापडलेल्या रुग्णाला इनहेलर कोण देणार, सीपॅप (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारं यंत्र) लागणाऱ्याला कुठे पाठवणार, हे आराखड्यात कुठेच नाही. जिल्हा रुग्णालयाशी बोलून ते ठरव आणि तेवढं पान नैतिकता समितीकडे जाण्याआधी मला दाखव.

तुझा,
सर