अनुदान मिळालं, आता दुकान कसं उभं करू?

प्रश्न : ताई, मी बरीच वर्षं घरून विणकाम आणि क्रोशे शिकवते. आता लोकर, क्रोशेचे दोरे, सुया, भरतकामाचं सामान असं छोटं दुकान काढायचं ठरवलं आहे. नवउद्योजकांसाठीच्या एका योजनेत माझा अर्ज ‘तत्त्वतः मंजूर’ झाल्याचं कळलं. अनुदान फर्निचर, बिलिंगचं यंत्र आणि पाटीसाठी आहे. सोबत सहा महिने एक मार्गदर्शकही मिळणार आहेत. जागा दोन पाहिल्या आहेत. एक मुख्य रस्त्यावर, मोठी. दुसरी आतल्या बाजूला, लहान. अनुदान मिळतंय तर मोठीच घ्यावी असं मनात येतं. सुतार म्हणतो, पैसे नंतर द्या, काम उद्यापासून धरतो. मार्गदर्शक मात्र दर भेटीत आकडे विचारतात आणि मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. त्यांचा नेमका उपयोग कसा करून घ्यायचा? आणि दुकान नाहीच चाललं, तर अनुदान परत करावं लागेल का?

उत्तर : सगळ्यात आधी सुताराला थांबवा. बाकीचं मग बोलू.

‘तत्त्वतः मंजूर’ म्हणजे मंजूर नव्हे. बहुतेक अनुदान योजनांत अंतिम मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेचा खर्च धरला जात नाही. उधारीवर केलेलं कामही अडकू शकतं, कारण काम कधी सांगितलं आणि कधी सुरू झालं याच्या तारखा तपासल्या जातात. पत्र हातात आलं की त्यात तीन गोष्टी शोधा: खर्च कोणत्या तारखेपासून ग्राह्य, कोणत्या बाबींवर ग्राह्य, आणि पैसे आधी मिळणार की बिलं दिल्यावर. तिसरी गोष्ट लोक हमखास वाचायची सोडतात. पुष्कळ योजनांत आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा सादर करायचा, मग रक्कम येते. म्हणजे अनुदान मंजूर असूनही फर्निचरचे पैसे काही काळ तुमच्याच खिशातून जाणार. तुमच्या योजनेत असं असेल तर हप्त्याहप्त्याने रक्कम मिळण्याची सोय आहे का, हे आजच विचारा. बिल अर्जावर ज्या नावाने आहे त्याच नावाने घ्या, पैसे रोख देऊ नका, आणि दरपत्रकं एकाहून जास्त मागवून ठेवा.

आता जागा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या पाहण्यातली चांगली दुकानं बहुतेक याच वळणावर अडचणीत आली.

तुमचं अनुदान वस्तूंसाठी आहे. भाडं, वीज, तुमचं स्वतःचं मानधन, संपलेला माल पुन्हा भरणं, यातलं काहीच त्यात नाही. मोठ्या जागेचं फर्निचर अनुदानातून होईल, पण मोठ्या जागेचं भाडं दर महिन्याला तुम्हीच भरणार. म्हणून ‘अनुदानात काय बसतं’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि कागदावर एवढंच मांडा.

समजा लहान जागेत भाडं, वीज, फोन, विमा आणि तुमचं मानधन (हो, तेही लिहायचं, पहिल्या महिन्यापासून) मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 30 आहे. एकक कुठलंही धरा. शंभराला घेतलेली वस्तू तुम्ही दीडशेला विकता. खरेदीवर चढवलेली रक्कम 50 टक्के आहे, पण विक्रीतला तुमचा वाटा एक तृतीयांशच आहे, म्हणजे साधारण 33 टक्के. नवे दुकानदार हे दोन आकडे एकच समजतात आणि सगळा हिशेब तिथून वाकडा जातो. 30 चा खर्च भागायला महिन्याला 90 ची विक्री हवी. पहिल्या सहा महिन्यांत सरासरी त्याच्या निम्मीच झाली असं धरू. 45 च्या विक्रीतून 15 हाती येतात, 15 कमी पडतात. सहा महिन्यांची तूट 90. म्हणजे पूर्ण तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम, माल आणि फर्निचर सोडून, तुमच्याजवळ वेगळी हवी.

मोठ्या जागेत ठरलेला खर्च 50 झाला तर 150 ची विक्री लागते. विक्री मात्र तेवढीच, 45 राहिली, तर तूट महिन्याला 35 आणि सहा महिन्यांत 210. फर्निचर फुकट मिळूनही दुपटीहून जास्त पैसा जातो.

मुख्य रस्त्यावर विक्री जास्त होईल, असं तुम्ही म्हणाल. चहा-बिस्किटांच्या किंवा औषधांच्या दुकानाची होईल. लोकर आणि दोरे घ्यायला माणूस ठरवून निघतो, विचारत विचारत पोचतो. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या बायका आतल्या बाजूच्या दुकानातही येतीलच, आणि त्यांच्या मैत्रिणीही. म्हणून मी लहान जागा घ्या म्हणते, मात्र आत आठ माणसांना बसता येईल असं एक टेबल मावलं पाहिजे. शिकवण्याच्या फीमध्ये मालाची गुंतवणूक नसते. सुरुवातीच्या मंद महिन्यांत भाड्याचा मोठा भार हेच टेबल उचलेल. शिवाय तिथे बसून शिकणारी बाई सुई, दोरा, लोकर जाता जाता तुमच्याचकडून घेईल. फर्निचर सुट्या मांडण्यांचं करा, भिंतीत ठोकलेलं नको. जागा सोडताना मांडण्या तुमच्यासोबत येतात, भिंतीतलं काम मालकाला राहतं. करारात तुम्हाला मुदतीआधी बाहेर पडायची सोय आहे ना, तेही बघा.

मालाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला गप्प बसवत नाही. लोकरीच्या दुकानात सगळ्यात मोह होतो तो रंगांचा. चाळीस छटांचा एकेक गठ्ठा मांडला की भिंत सुंदर दिसते. तुम्ही स्वतः विणता, म्हणून तुम्हाला हे नव्याने सांगायला नको की मोठ्या माणसाच्या स्वेटरला सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, लागतात, नाहीतर पाठीवर पट्टा उमटतो. ग्राहकाला आठ हवे आणि तुमच्याकडे त्या लॉटचे पाच असतील, तर पाचही विकले जात नाहीत. म्हणून छटा कमी ठेवा, पण प्रत्येक छटेत पूर्ण स्वेटर निघेल एवढे गुंडे ठेवा. उरलेल्या छटांचं नमुनाकार्ड ठेवा आणि आगाऊ रक्कम घेऊन मागवून द्या. घाऊक व्यापाऱ्याला दराच्या आधी विचारायचं ते हे: कमीत कमी किती माल घ्यावा लागतो, त्याच लॉटचा माल किती दिवस राखून ठेवाल, न उघडलेला गठ्ठा परत घ्याल का. दर दोन टक्क्यांनी महाग असला आणि या तिन्हींचं उत्तर बरं असलं, तर तोच व्यापारी घ्या.

उद्घाटनाच्या सवलतीचंही सांगते. मघाच्या हिशेबात दीडशेवर दहा टक्के सूट दिली की 135 येतात. तुमचा वाटा 50 वरून 35 वर आला, म्हणजे नफा 30 टक्क्यांनी घटला. सूट देण्यापेक्षा पहिल्या महिन्यात लोकर घेणाऱ्याला टेबलावर एक तास मोफत शिकवा. त्यात तुमचा वेळ जातो, नफा जात नाही, आणि ते माणूस पुन्हा येतं.

आता मार्गदर्शक. ते आकडे मागतात याचा मला आनंद झाला. तुम्हाला परीक्षा वाटते, पण त्यांचं काम तेच आहे.

केनियात नैरोबीच्या दांडोरा वस्तीत छोटे धंदे करणाऱ्या तरुण स्त्रियांवर एक अभ्यास झाला. ब्रूक्स, डोनोव्हन आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी तो 2018 मध्ये प्रसिद्ध केला. काही जणींना वर्गात व्यवसायाचं प्रशिक्षण मिळालं, काही जणींना त्याच भागात यशस्वी धंदा करणारी अनुभवी बाई मार्गदर्शक म्हणून जोडून दिली. वर्गातल्या शिक्षणाने नफ्यात फरक दिसला नाही. मार्गदर्शक मिळालेल्यांचा नफा सरासरी सुमारे 20 टक्क्यांनी वाढला, आणि त्यामागे तिथली माहिती होती: माल स्वस्त कुठे मिळतो, कोणाकडून घ्यावा. भेटी थांबल्या तसा फायदाही ओसरला. यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. मार्गदर्शकांकडून व्याख्यान मागू नका, नावं मागा: घाऊक व्यापारी कोण, हिशेबनीस कोण, याच प्रकारचं दुकान चालवणारं कोण, त्यांच्याशी ओळख करून द्याल का. आणि सहा महिने संपायच्या आत, ते गेल्यावर तुम्ही कोणाला विचारणार, ते माणूस शोधून ठेवा.

प्रत्येक भेटीला एकच पान न्या. त्यावर त्या आठवड्याची विक्री, किती ग्राहक आले आणि त्यातले किती घेऊन गेले, बँकेत आज किती आहेत, पुढच्या चार आठवड्यांत कोणाला किती द्यायचे आहेत. खाली एक प्रश्न, ज्याचं उत्तर मिळालं की तुम्ही उद्या काहीतरी वेगळं कराल. ‘धंदा कसा वाढवू’ या प्रश्नावर कोणीही चार गोड वाक्यं बोलेल. ‘मंगळवारी आणि बुधवारी दुपारी कोणी येत नाही, त्या वेळी वर्ग ठेवू की दुकान बंद ठेवून घाऊक बाजारात जाऊ’ यावर मात्र माणसाला डोकं लावावं लागतं. त्यांचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगा. मी नव्या दुकानदारांसोबत बसते तेव्हा मला माझं ऐकणाऱ्यांपेक्षा हिशेब दाखवून मला खोडणारे जास्त आवडतात. दुकानाचा तोटा शेवटी तुम्हालाच सोसायचा आहे, मार्गदर्शकाला नाही, म्हणून अखेरचा निर्णय तुमचाच.

हिशेबाची भीती वाटत असेल तर पूर्ण जमाखर्च शिकेपर्यंत थांबू नका. डॉमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या व्यावसायिकांवर केलेल्या एका प्रयोगात (ड्रेक्सलर, फिशर आणि शोअर, 2014) लेखाशास्त्राच्या रीतसर शिकवणीपेक्षा साधे ठोकताळे जास्त उपयोगी पडले. त्यातला एक असा: घरचे आणि धंद्याचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा, आणि एकातून दुसऱ्यात काही घेतलं तर चिठ्ठी टाका. तुम्ही दोन बँक खाती ठेवा आणि स्वतःला ठरलेल्या तारखेला ठरलेलं मानधन द्या. घरात अचानक गरज पडली की दुकानाच्या गल्ल्याकडे हात जातो, विशेषतः बायकांच्या गल्ल्याकडे घरच्यांचाही जातो. त्यामुळे हा नियम घरात सगळ्यांसमोर, दुकान उघडायच्या आधी, स्पष्ट बोलून टाका.

राहिला परतफेडीचा प्रश्न. साधारणपणे नेमून दिलेल्या कामासाठी, नियमाप्रमाणे खर्च केलेलं अनुदान धंदा चालला नाही एवढ्याच कारणाने कर्जासारखं परत मागत नाहीत. पण अट मोडली तर मागतात. अनुदानातून घेतलेली वस्तू ठरलेल्या मुदतीआधी विकणं, दुकान दुसऱ्याच्या नावावर करणं, मंजूर बाबीऐवजी भलतंच घेणं, किंवा ठरलेला काळ व्यवसाय सुरू न ठेवणं, या त्या नेहमीच्या अटी. तुमच्या करारात कोणती मुदत आहे ती शोधून ठळक खूण करा. दुकान डळमळतंय असं दिसलं तर कुलूप लावण्याआधी देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. आधी कळवणाऱ्याशी बोलणी होऊ शकतात. बिलं आणि पत्रव्यवहार करारात लिहिलेल्या काळापर्यंत जपा. अनुदानावर कर कसा लागतो ते हिशेबनिसाला पहिल्याच भेटीत विचारा.

मघाचा हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांनी मांडा आणि तो कागद पुढच्या भेटीत मार्गदर्शकांसमोर ठेवा. जागेच्या करारावर सही त्यानंतर.

प्रश्न : मलाही दुकानासाठी अनुदानाचा अर्ज करायचा आहे. एक गृहस्थ म्हणतात की ते अर्ज लिहून देतील आणि मंजूरही करून आणतील, त्यासाठी आधी थोडी रक्कम आणि मंजूर झाल्यावर टक्केवारी द्यायची. द्यावी का?

उत्तर : नाही. अर्ज नीट लिहून देण्याची ठरलेली फी घेणारे प्रामाणिक लोक असतात, पण मंजुरीची हमी कोणालाही देता येत नाही. जो देतो तो एकतर खोटं बोलतो किंवा तुम्हाला अशा व्यवहारात ओढतो ज्यात उद्या नाव तुमचं येईल. शिवाय ती टक्केवारी अनुदानातून भरता येत नाही, कारण ती मंजूर बाब नसते. म्हणजे ती तुमच्या स्वतःच्या भांडवलातून जाणार, तेही दुकानाला त्याची सगळ्यात जास्त गरज असताना. अर्ज स्वतः लिहा. काय विकणार, कोणाला, महिन्याला खर्च किती, तो भागायला विक्री किती, आणि ती होईल असं तुम्हाला का वाटतं, एवढं साध्या भाषेत दोन पानांत बसतं. लिहून झाल्यावर दुकान चालवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचायला द्या आणि ‘यात तुला काय पटत नाही’ एवढंच विचारा. योजना देणाऱ्या कार्यालयात अर्ज भरायला मोफत मदत पुष्कळदा मिळते, तिथे आधी जाऊन या.