‘परियेसा’ म्हणजे काय?

तुमच्या आजीच्या गुरुचरित्राच्या पोथीत ओवीच्या शेवटी ‘परियेसा’, ‘परियेसीं’ सारखं येतं, त्याचा अर्थ तुम्ही विचारलात. घरच्या कीर्तनाच्या निमंत्रणात ‘परिसावे’ लिहिलं तर चालेल का, हेही.

परिसणे म्हणजे ऐकणे. परिस, परिसा, परियेसा, परिसोनि ही सगळी त्याचीच रूपं. लोखंडाचं सोनं करणारा परीस वेगळा आणि खेड्यापाड्यांत आजही कानावर पडणारा ‘त्याच्यापरीस हा बरा’ मधला परीसही वेगळा. उच्चार जवळचा म्हणून अर्थ जोडू नका.

पण नुसतं ‘ऐका’ म्हणून पुढे गेलात तर छटा हातची जाते. कुकरची शिट्टी ऐकू येते, ती कुणी परिसत नाही. परिसायला समोर कुणी सांगणारा लागतो. पंचवटीत आमच्या वाड्यात दत्तजयंतीच्या सप्ताहात वडील पोथी वाचायचे. आजी सुपात तांदूळ निवडत बसलेली असायची. ‘परियेसा’ आलं की वडील क्षणभर थांबायचे आणि आजीचा हात सुपातच थांबायचा. मला हा शब्द कळला तो तिथे.

याच जातकुळीतला दुसरा शब्द म्हणजे अवधारणे, लक्ष देऊन मनात धरणे. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ज्ञानदेव ‘म्हणे निवृत्तिदासु । अवधारिजो जी’ म्हणतात. निवृत्तिदासु म्हणजे गुरू निवृत्तिनाथांचा दास, म्हणजे स्वतः ज्ञानदेव; हे निवृत्तिनाथ म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे तेच. नवव्या अध्यायाची सुरुवात तर ‘तरी अवधान एकवेळें दीजे’ अशी मागणीच आहे. ऐकणाऱ्याकडे इतक्या आर्जवानं काही मागणारी भाषा मला फार जवळची वाटते.

एक मात्र सांगतो. पोथीत पुष्कळदा ‘परियेसा’ केवळ यमक जुळवायला आलेलं असतं. दर ओवीत खोल अर्थ शोधत बसलात तर कथा राहून जाईल.

निमंत्रणाचं म्हणाल तर ‘कीर्तन परिसण्यास यावे’ लिहू नका. खाली वेळ, पत्ता, महाप्रसाद साध्या मराठीत आणि मध्येच हा एक शब्द, विजोड दिसतं. ‘श्रवणाचा लाभ घ्यावा’ हे रुळलेलं आहे, किंवा सरळ ‘कीर्तन ऐकायला यावे’. जुना शब्द हवाच असेल तर आजीच्या पोथीतली ‘परियेसा’ असलेली एखादी ओवी पत्रिकेच्या माथ्यावर जशीच्या तशी छापा.