नागपुरात पहिल्यांदाच बार (barre, बॅलेच्या दांड्याला धरून करायचा व्यायाम) क्लास लावायचाय, डान्स अजिबात येत नाही, नवख्यांना सांभाळून घेणारा स्टुडिओ कसा शोधू?

पॅकेज घ्यायच्या आधी एक ट्रायल क्लास मागा आणि टीचर नवीन माणसाकडे किती लक्ष देते ते बघा, बाकी इंटिरियर, आरसे वगैरे सोडून द्या. मी धरमपेठेत बार करते म्हणून सांगते, यात बॅलेच्या दांड्याला धरून अगदी इंचभर हालचाली असतात, त्यामुळे गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, कंबर वाकतेय का हे कोणी जवळ येऊन बघितलं नाही तर पहिल्याच दिवशी चुकीची सवय लागते. चांगली टीचर आधी जुनं दुखणं विचारते, सोपा पर्याय दाखवते आणि मांड्या थरथरायला लागल्या की हे नॉर्मल आहे, थांबलात तरी चालेल असं स्वतःहून सांगते. डान्सचं टेन्शन खरंच घेऊ नका, लॉटे बर्क या डान्सरने १९५९ मध्ये लंडनला हे सुरू केलं तेच पाठीच्या दुखापतीनंतर, बॅले आणि रिहॅबचे (दुखापतीतून सावरायचे) व्यायाम एकत्र करून. फोन करताना एवढं विचारा:
- बॅचमध्ये किती जणं?
- नवख्यांची वेगळी बॅच आहे का?
- रबरी ठिपक्यांचे मोजे तिथे मिळतात की आणायचे?

पिलाटेस आणि डान्सवाल्यांकडेही विचारा, कधीकधी तिथेही बारची बॅच असते. फक्त गुडघ्याचं, पाठीचं दुखणं किंवा प्रेग्नन्सी असेल तर ट्रायलच्याही आधी डॉक्टरांना विचारून घ्या.