वाचकांचे प्रश्न : शेवटचे दोन बॉक्सच का बिघडतात?

प्रश्न : आमच्याकडे 500/7 ग्रेडचे एस.जी. आयर्न (गोळ्यांच्या रूपातल्या ग्राफाइटचे ओतीव लोखंड) निघते. 500 किलोच्या लॅडलमधून (वितळलेले मेटल ओतायचे भांडे) 14 बॉक्स (साचे) भरतो. पहिल्या बॉक्सची नोड्युलॅरिटी (गोल ग्राफाइटचे प्रमाण) 90 टक्के येते, शेवटच्या दोघांची 60-65. लॅबच्या रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम 0.042 टक्के, म्हणजे बरोबर. मग चूक कुठे आहे? मॅग्नेशियमचा मिश्रधातू वाढवावा का?
— फाउंड्री सुपरवायझर, कोल्हापूर

उत्तर : रिपोर्ट खोटा नाही, पण तो पहिल्या बॉक्सचा आहे. स्पेक्ट्रोचा (रासायनिक तपासणीच्या यंत्राचा) नमुना ट्रीटमेंट (मेटलमध्ये मॅग्नेशियम मिसळणे) झाल्याबरोबर घेतला जातो आणि शेवटचा बॉक्स त्यानंतर किती मिनिटांनी भरला, याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. आधी घड्याळ लावा. मॅग्नेशियम सुमारे 1090 अंशांना उकळते आणि तुमचे मेटल 1400 च्या वर असते. लॅडलमध्ये ते दर मिनिटाला उडत असते, शिवाय हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून स्लॅगमध्ये जात असते. ट्रीटमेंटपासून शेवटच्या बॉक्सपर्यंत 8-10 मिनिटे हा हिशोब धरा. 14 बॉक्सना 14-15 मिनिटे लागत असतील, तर कोडे तिथेच सुटले.

मिश्रधातू वाढवण्याच्या मोहात पडू नका. शिल्लक मॅग्नेशियम 0.06 च्या वर गेले की पहिल्या बॉक्समध्ये ड्रॉस (मळ), श्रिंकेज (आकुंचनाच्या पोकळ्या) आणि कार्बाइड (कडक, ठिसूळ कण) सुरू होतात. शेवटचे दोन वाचवायला पहिले चार घालवायचे, असा तो व्यवहार. त्यापेक्षा भट्टीतून 250 किलोचे दोन टॅप करा.

किती मिश्रधातू लागतो ते अंदाजाने ठरवू नका. बेस मेटलमध्ये सल्फर 0.015 टक्के आणि ट्रीटमेंटनंतर 0.008 असेल, तर फरक 0.007. त्याला 0.76 ने गुणले की सल्फरने खाल्लेले मॅग्नेशियम निघते, 0.0053. त्यात शिल्लक हवे ते 0.040 मिळवा. 0.0453 झाले. सँडविच पद्धतीत (मिश्रधातू लॅडलच्या तळाशी स्क्रॅपखाली झाकून) रिकव्हरी (मेटलमध्ये टिकणारा मॅग्नेशियमचा वाटा) 50 टक्के धरली तर 0.0906. मिश्रधातूत मॅग्नेशियम 6 टक्के असेल तर तो 1.5 टक्के लागेल, म्हणजे 500 किलोला साडेसात किलो. सल्फर 0.030 असेल तर हाच आकडा साडेनऊ किलोच्या आसपास जातो. स्वस्त म्हणून घेतलेल्या स्क्रॅपची खरी किंमत इथे कळते. म्हणून सल्फर प्रत्येक हीटला (भट्टीच्या प्रत्येक वितळणीला) तपासा.

ट्रीटमेंटच्या वेळी मिश्रधातू लॅडलच्या तळाच्या खिशात टाकून त्यावर पंचिंग स्क्रॅपचा थर द्या आणि मेटल खिशाच्या समोरच्या बाजूला पडू द्या. थेट खिशावर धार पडली की प्रतिक्रिया लगेच सुरू होते आणि अर्धे मॅग्नेशियम पांढऱ्या धुरात जाते. लॅडल लालबुंद तापवलेले हवे. थंड लॅडलसाठी टॅपिंगचे तापमान वाढवले की रिकव्हरी पुन्हा घसरते. उकळी थांबताच स्लॅग काढा. तो तसाच ठेवला तर त्यातला मॅग्नेशियम सल्फाइड हवेमुळे फुटतो, सल्फर परत मेटलमध्ये उतरतो आणि उरलेल्या मॅग्नेशियमवर हात मारतो.

आता एक महत्त्वाचा फरक. शेवटच्या बॉक्सचा मायक्रो (सूक्ष्मदर्शकातली रचना) बघा. गोळे गोल आहेत पण कमी आहेत आणि पातळ भागात कार्बाइड दिसते, तर मॅग्नेशियम ठीक आहे. विरले आहे ते इनॉक्युलेशन (ग्राफाइटचे गोळे तयार व्हायला मदत करणारी फेरोसिलिकॉनची भर). त्यासाठी ओतताना धारेत 0.1 टक्के बारीक फेरोसिलिकॉन सोडा. गोळ्यांच्या जागी गांडुळासारखे किंवा पत्र्यासारखे ग्राफाइट दिसले, तर मॅग्नेशियम कमी पडले. पत्रे फक्त पृष्ठभागाच्या थरात असतील आणि आत गोळे ठीक असतील, तर मोल्डकडे बघा: फ्युरान सँडच्या (रेझिनने बांधलेली वाळू) कॅटॅलिस्टमधले सल्फर पृष्ठभागावरचे मॅग्नेशियम खाते.

मायक्रोची वाट न बघता बॉक्स अडवायचा असेल, तर शेवटच्या मेटलचा छोटा नमुना ओता, पाण्यात विझवा आणि फोडा. चांगल्या एस.जी. चा भंग चंदेरी करडा दिसतो आणि ओल्या तुकड्याला कार्बाइडच्या दिव्यासारखा वास येतो. गर्द काळा भंग आला की बॉक्सवर खडू ओढा. तयार कास्टिंगला अल्ट्रासोनिक वेग मोजला तर चांगल्या एस.जी. मध्ये तो सेकंदाला 5500 मीटरच्या वर असतो, करड्या आयर्नमध्ये बराच कमी.

प्रश्न : नमुन्याच्या 20-30 कास्टिंगसाठी लाकडी पॅटर्नऐवजी (ज्याभोवती वाळू भरून साचा करतात तो नमुना) थ्रीडी प्रिंटिंगचा पॅटर्न चालेल का?
— पॅटर्न शॉप, सांगली

उत्तर : हाताने भरायच्या मोल्डिंगला चालेल, मशीन मोल्डिंगला नको. पीएलए प्लास्टिक टाळा, ते 60 अंशांच्या सुमारास मऊ होते आणि परतीची सँड गरम असली किंवा पॅटर्न मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिला तर वाकतो. पीईटीजी प्लास्टिक घ्या, थर 0.2 मिमी, बाहेरच्या भिंती निदान चार. पॅटर्न मोल्डमधून वर ओढताना प्रिंटच्या थरांचे कंगोरे वाळू ओरबाडतात, म्हणून पुट्टी, प्रायमर, मग 320 आणि 600 चा पाण्याचा पेपर. भिंतीला एक ते दीड अंश ड्राफ्ट (उतार) द्या, खोल खिशाला दोन. आणि श्रिंकेज अलाउन्स (आकुंचनासाठी पॅटर्न थोडा मोठा ठेवणे) स्टीलचा, 2 टक्क्यांचा, लावू नका. एस.जी. मध्ये ग्राफाइट फुगत असल्यामुळे आकुंचन 1 टक्क्यापेक्षा कमी राहते. पहिले कास्टिंग मोजून स्केल दुरुस्त करा. लाकडापेक्षा इथेच प्रिंटिंगचा खरा फायदा.

प्रश्न : फिक्स्चरचे (काम पकडून ठेवण्याची चौकट) 12.9 ताकद-ग्रेडचे ॲलन बोल्ट गंजू नयेत म्हणून झिंक प्लेटिंग करून घेतले. आवळले तेव्हा ठीक होते, दुसऱ्या दिवशी तीन बोल्टची डोकी तुटून पडली. टॉर्क जास्त झाला का?
— टूल रूम, चाकण

उत्तर : टॉर्क जास्त असता तर आवळतानाच तुटले असते. ताणाखाली काही तास राहून तुटणे, तेही डोक्याखाली किंवा पहिल्या आट्यावर, ही हायड्रोजनची सही आहे. ॲसिड पिकलिंग (ॲसिडने गंज साफ करणे) आणि प्लेटिंगमध्ये निघालेला हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरतो. 12.9 ची कडकी साधारण 385 ते 435 एचव्ही (विकर्स कडकी) असते, म्हणून धोका मोठा, 8.8 ला हा त्रास सहसा होत नाही.

प्लेटिंग करायचेच असेल तर त्यानंतर 4 तासांच्या आत 190 ते 220 अंशांना निदान 8 तास बेकिंग (हायड्रोजन काढायला ओव्हनमध्ये तापवणे) हवे. उशिरा बेक केले तर हायड्रोजन निघेल, पण तोवर पडलेली भेग भरत नाही. पिवळे पॅसिव्हेशन (झिंकवरचा संरक्षक थर) बेकिंगनंतर करायला सांगा, नाहीतर उष्णतेने ते खराब होते. प्लेटिंगवाला ‘बेक केलं’ म्हणाला की ओव्हनचा चार्ट मागा. आमच्या मते मात्र फिक्स्चरला काळे ब्लॅकनिंग आणि तेल पुरते. ओल्या जागेसाठी झिंक फ्लेक कोटिंग घ्या. आधी पिकलिंग नको, शॉट ब्लास्टिंगने साफ करून घ्या. त्या लॉटचे उरलेले बोल्ट आवळलेले असतील, तर आजच काढा.