एकाच पणजोबांची तीन आडनावं

प्रश्न : पणजोबांचं आडनाव सातबाऱ्यावर कुलकर्णी, शाळेच्या रजिस्टरात जोशी आणि एका जुन्या खरेदीखतात वाईकर आहे. माणूस एकच, हे कसं पडताळायचं?

उत्तर : आडनाव तूर्त बाजूला ठेवा. कुलकर्णी हे वतनाचं (म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या गावकामाचं), जोशी हे वृत्तीचं (म्हणजे घराण्याच्या व्यवसायाचं), वाईकर हे मूळ गावाचं. एकाच घराला तिन्ही लागू शकतात. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर ही चौकडी धरून शोधा. त्यातही सर्व्हे नंबर सगळ्यांत भरवशाचा, कारण जमीन काही आडनाव बदलत नाही.

सातबाऱ्यावर नावांपाशी फेरफार क्रमांक असतात; फेरफार म्हणजे जमिनीवरच्या हक्कात बदल झाल्याची नोंद. त्यातल्या सर्वांत जुन्यापासून सुरुवात करून एकेक नक्कल काढा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, वारस आणि त्यांची नाती एकत्र येतात. ‘ऊर्फ’ सापडला तर बहुधा इथेच. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. तिथे नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

माग तुटतो तो बहुतेकदा एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या योजनेत. १९४७च्या कायद्याखाली ज्या गावांत योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर जुन्या कागदांत शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या आणि जुना नंबर मिळवा.

कुलकर्णी वतन १ मे १९५१ पासून कायद्याने संपलं. जमीन वतनाची असेल, तर त्यानंतरचा फेरग्रँटचा, म्हणजे जमीन पुन्हा बहाल केल्याचा, फेरफार जरूर पाहा. वतनदार घराण्यातली माणसं त्यात सापडू शकतात.

एका सापळ्यापासून मात्र जपा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने ‘गोविंद रामचंद्र’ एक पिढी सोडून पुन्हा उगवतो. नाव, वडील, गाव, जमीन, चारही जुळतात आणि तरी माणूस दुसराच असतो! अशा वेळी कागदाचं साल, बायकोचं आणि भावांचं नाव ताडून पाहा.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळीही, म्हणजे यजमान घराण्यांच्या नोंदवह्याही, उपयोगी पडतात. चौकशी करताना तिन्ही आडनावं आणि मूळ गाव व जमिनीचं गाव अशी दोन्ही गावं सांगा. फक्त ‘कुलकर्णी’ म्हणालात तर वाईकरांचं पान उघडलंच जाणार नाही.

प्रश्न : मराठवाड्यातल्या उताऱ्यावर ‘तुकाराम वलद संतू’ आणि साल १३५० आहे. आडनावच नाही!

उत्तर : नाही, आणि ते नेहमीचंच आहे. ‘वलद’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. साल फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचं, आहे; ५९० मिळवा, म्हणजे १९४०-४१. पुढच्या उताऱ्यांत हीच बापलेकाची जोडी त्याच जमिनीवर कोणत्या आडनावाने येते ते बघा. मूळ कागद मोडीत असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरू नका, आणि वाचून घेताना अपेक्षित आडनाव वाचणाऱ्याला आधी सांगू नका. सांगितलंत, की तेच वाचलं जातं.